आखणी कागदावर, किंमत डोंगरात

कर्जतला पुण्याकडे निघालेली गाडी थांबली की अनेकदा मागून धक्का बसतो. बँकर इंजिन लागलेलं असतं. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ही आखणी 1863 पूर्वीची. तिची किंमत आपण दीडशेहून अधिक वर्षं इंधनात आणि वेळेत मोजत आलो आहोत. कुठलाही प्रकल्प उभा राहण्याआधीच त्याचा बराचसा खर्च ठरून जातो, तो असा.

कोकण रेल्वेची आखणी करणाऱ्यांनी म्हणूनच दोन आकडे आधी पक्के केले. चढ 150 ला 1 पेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या 1250 मीटरपेक्षा कमी नको. गाडी ताशी 160 किलोमीटरनं धावू शकेल असा मार्ग हवा होता. कोकणात हे ठरवणं सोपं नव्हतं. सह्याद्रीच्या सोंडा समुद्रापर्यंत उतरतात आणि दर दोन सोंडांमध्ये नदी किंवा खाडी. डोंगराला वळसा घालायचा तर वळण आड येतं, चढून जायचं तर चढ. उरतं ते आरपार जाणं. रोहा ते ठोकूर सुमारे 740 किलोमीटरवर 91 बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल आले, ते या दोन आकड्यांमुळे. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल 64 मीटर उंच झाला आणि करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब.

मोजणीची खुंटी प्रत्यक्षात कुणाच्या तरी कलमांच्या बागेत ठोकली जाते. सुमारे 42 हजार जमीनमालकांशी व्यवहार करावा लागला. जमीन ताब्यात घेण्याचं काम आखणीचाच भाग मानायला हवं. आपल्याकडचे कितीतरी कालवे आणि रस्ते तिथेच अडकून पडले आहेत.

ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली 1990 मध्ये काम हाती घेतलं तेव्हा पाच वर्षांत संपवायचं ठरलं होतं. कातळातले बोगदे आयात केलेल्या यंत्रांनी भराभर पुढे सरकले. पण नऊ बोगदे मऊ मातीत निघाले. खणावं आणि पावसाळ्यात पुन्हा ढासळावं, माणसांचे जीवही गेले. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं तर वर्षानुवर्षं दाद दिली नाही. संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला.

उशीर झाला, तरी ते दोन आकडे कुणी सैल केले नाहीत. वेळेच्या दडपणाखाली एखादा चढ वाढवून घेणं सहज शक्य होतं. तसं झालं असतं, तर कोकणातही एखाद्या स्टेशनावर गाडीला मागून इंजिन लावावं लागलं असतं.