पितळ, पगडी आणि वाफ

स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या युगाच्या कल्पनेवर उभी राहिलेली गोष्टी, यंत्रे नि वेशांची दुनिया, आणि जुन्या काळच्या वेशभूषेचा छंद यांवर आपल्याकडे जे काही लिहून येते, त्यातला निम्मा मजकूर गॉगल आणि उंच टोप्यांच्या वर्णनात संपतो. उरलेल्या निम्म्यात 'हे असले परदेशी खूळ कशाला?' असा प्रश्न असतो. गॉगलचे वर्णन करणाऱ्यांनी हा छंद दुरून पाहिलेला असतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नसतो. माझी हयात नाटकाच्या कपडेपटात गेली. बाराबंद्या बेतल्या, अंगरख्यांची अस्तरे बदलली, शालूचे जीर्ण काठ उसवून नव्या कापडाला लावले. त्यामुळे या छंदाकडे मी कारागिराच्या नजरेने पाहते. वेश घालायचा असतो त्याच्या आधी तो करायचा असतो, आणि या मंडळींचा खरा जीव त्या करण्यात आहे. या आढाव्यात मला मुख्यतः त्याबद्दल लिहायचे आहे.

वाङ्मयीन इतिहास सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा तो झटकन उरकते. के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ मध्ये 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात 'स्टीमपंक' हे नाव सुचवले. १९९० मध्ये गिब्सन आणि स्टर्लिंग यांची 'द डिफरन्स इंजिन' ही कादंबरी आली. मियाझाकींचा चित्रपट 'लापुता' १९८६ चा, ओतोमोंचा 'स्टीमबॉय' २००४ चा. समीक्षक इथेच रेंगाळतात. मला मात्र या साऱ्यांच्या आधीचे दोन चित्रपट महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांनी डोळ्यांना वळण लावले. १९५४ च्या डिस्ने चित्रपटासाठी हार्पर गॉफ यांनी 'नॉटिलस' पाणबुडी रिव्हेट ठोकलेल्या लोखंडी जलचरासारखी घडवली. चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल झेमान यांनी १९५८ मध्ये ज्यूल व्हर्नच्या पुस्तकांतल्या कोरीव चित्रांची रेघन् रेघ पडद्यावर उतरवली. यंत्र झाकून ठेवू नये, त्याचे सांधे दिसू द्यावेत, ही दृष्टी तिथून आली.

हाताच्या कामाला बहर आला तो नंतर, २००६ ते २०१२ च्या सुमारास. जेक फॉन स्लॅट या टोपणनावाने काम करणाऱ्या अमेरिकन कारागिराने संगणकाचा कीबोर्ड पितळी चौकटीत बसवला आणि त्याला जुन्या टाइपरायटरच्या गोल कळा लावल्या. तो कीबोर्ड चालत होता, हे महत्त्वाचे. २००९च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने आर्ट डोनोव्हन यांनी जुळवलेले स्टीमपंक कलेचे प्रदर्शन भरवले. शेकडो वर्षांच्या खऱ्या वेधयंत्रांच्या घरात ही कल्पनेतली यंत्रे पाहुणी म्हणून गेली. त्याच वर्षी इंग्लंडातल्या लिंकन शहरात स्टीमपंक मंडळींचा वार्षिक मेळा सुरू झाला. न्यूझीलंडमधल्या ओमारू गावात पांढऱ्या चुनखडीच्या व्हिक्टोरियन इमारती आधीपासून होत्याच; २०११ मध्ये तिथल्या जुन्या धान्यकोठारात 'स्टीमपंक एचक्यू' उघडले आणि त्या गावाला नवी ओळख मिळाली.

मुलगा इंग्लंडात असताना लिंकनचा मेळा मला पाहता आला. किल्ला आणि कॅथेड्रल यांच्या मधला चौक, तिथून खाली उतरणारी उभ्या चढाची गल्ली, आणि तिथे माणसे जणू रोजच्याच कपड्यांत असावीत अशी वावरत होती. बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेली. चहात बिस्किट बुडवून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे आणि ते न सांडता शेवटी खाईल तो जिंकला, अशी त्यांची स्पर्धा असते. ती ते पूर्ण गांभीर्याने लढतात आणि मला ते गांभीर्य फार आवडले. खेळ मनापासून खेळला नाही, तर वेशालाही अर्थ राहत नाही.

तिथे एका निवृत्त रेल्वे फिटरच्या पाठीवर तांब्याच्या नळ्यांचा संच होता. त्याने तो काढून माझ्यासमोर ठेवला. नळ्यांचे सांधे डाग देऊन जोडलेले, वर प्रेशर गेज. आत सायकलचा पंप दडवलेला. खांदा हलवला की हवा दाबली जाई आणि काटा खरोखर वर चढे. शेजारी त्याच्या नातवाची पिस्तूल होती. मूळ वस्तू बाजारात मिळते ती नारिंगी-पिवळी प्लास्टिकची खेळण्यातली. तिच्यावरची अक्षरे पॉलिश पेपरने घासून काढायची, सगळीकडे काळा अस्तररंग द्यायचा, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून पितळी रंग फक्त उंचवट्यांवर फिरवायचा आणि शेवटी खाचांत पातळ काळसर रंग सोडून वरवर पुसून घ्यायचा. हात लागून झिजलेला धातू कुठे चकाकतो आणि मळ कुठे साचतो, हे ज्याने नीट पाहिले आहे त्यालाच हे जमते. आमच्या रंगमंचावरच्या पुठ्ठ्याच्या तलवारी नि लाकडी ढाली याच विद्येने उभ्या राहिल्या.

विंटेज कपड्यांच्या पंथाबद्दल थोडक्यात सांगते. गुडवुडची जुन्या मोटारींची शर्यत १९९८ पासून, लंडनची ट्वीड घालून सायकल फेरी २००९ पासून, न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स बेटावरची जॅझयुगातली हिरवळीवरची मेजवानी २००५ पासून. सगळे देखणे आहे. पण बऱ्याच ठिकाणी कपाटातून काढून घातलेले कपडेच दिसतात, आणि केवळ जुने कापड मिळवण्यात मला रस नाही. अपवाद आहे तो शिवणाऱ्यांचा. जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज बाईंनी संग्रहालयांतले खरे कपडे एकेक करून मापले, शिवण कुठून वळते ते पाहिले आणि चौकटीच्या कागदावर त्यांचे बेत काढले. 'पॅटर्न्स ऑफ फॅशन'चा पहिला भाग १९६४ चा, दुसरा १९६६ चा. आज जगात कुठेही कोणी अठराव्या शतकातला झगा शिवायला बसले, तर टेबलावर ही पुस्तके असतात. एका बाईच्या चिकाटीने हजारो हातांना दिशा मिळाली.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते, आणि इथे मी घाई करणार नाही. वाफेचे युग म्हटले की डोळ्यांपुढे लंडन यायलाच हवे, हे मला कधीच मान्य झाले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, तेव्हा त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांत जगन्नाथ शंकरशेट होते. पगडी, उपरणे आणि वाफेचे इंजिन यांची भेट आपल्या इतिहासात प्रत्यक्ष झालेली आहे. ती कल्पनेने जुळवायला नको. १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले छायाचित्र पाहा. आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली आपल्या मुलखातल्या वेशात. तिघीही वैद्यक शिकणाऱ्या, आणि एकीच्याही अंगात युरोपीय झगा नाही. त्या काळाचा वेश म्हणून मला कोणी एकच चित्र मागितले, तर मी हेच देईन.

आणि या छंदाचे आराध्यदैवत मानला जाणारा, 'नॉटिलस'चा कॅप्टन नेमो? 'द मिस्टीरिअस आयलंड' या १८७४-७५ च्या कादंबरीत व्हर्नने त्याचे मूळ उघड केले. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, सत्तावनच्या उठावात लढलेला. हॉलिवूडने १९५४ मध्ये तो जेम्स मेसनच्या गोऱ्या चेहऱ्याने रंगवला आणि पुढच्या पिढ्यांनी तोच खरा मानला. अॅलन मूर आणि केव्हिन ओनील यांच्या १९९९ च्या चित्रमालिकेत त्याला पुन्हा हिंदुस्थानी रूप मिळाले आणि २००३ च्या चित्रपटात नसीरुद्दीन शाह नेमो झाले. त्याच व्हर्नने १८८० च्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हिंदुस्थानातून फिरवला. त्या कादंबरीत नानासाहेब पेशवे खलनायक आहेत. इंग्रजांच्या सूडबुद्धीने रंगवलेली ती प्रतिमा आपण तशीच का स्वीकारावी? फ्रान्समधल्या नान्त या व्हर्नच्या जन्मगावी, बंद पडलेल्या जहाजबांधणीच्या आवारात, २००७ पासून लाकूड-पोलादाचा बारा मीटर उंच हत्ती प्रवासी घेऊन चालतो. फ्रँस्वा दलारोझिएर आणि पिएर ओरेफिस यांच्या त्या कामाला माझा मनापासून नमस्कार. पण हत्तीच्या पाठीवर आपल्या बाजूची गोष्ट चढवायची ती आपणच.

लिंकनला मी सोबत एक बाराबंदी नेली होती. तिथे कॉर्सेट शिवायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे काम नमुनेदार: घट्ट विणीच्या सुती कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक शिवणीत पोलादी काडी, पुढे आकड्यांची पट्टी, मागे डोळ्यांतून ओवलेली दोरी. त्यांनी बाराबंदी हातात घेतली आणि काड्या कुठे आहेत ते चाचपले. मी काखेतला चौबगला उलटून दाखवला. चौकोनी तुकडा, कोनावर फिरवून बसवलेला. हात वर केला तरी कापड ताणत नाही, उसवत नाही. मग कमरेखालच्या कळ्या दाखवल्या. जवळजवळ सगळे काप सरळ, वाया जाणारे कापड अगदी थोडे, आणि अंगावर बसवायचे काम बंदांच्या सहा जोड्यांकडे. बाई बराच वेळ तो जोड पाहत होत्या. मग वही काढून त्यांनी त्याचा बेत उतरवून घेतला. शरीराला आवळून आकार देणे ही एक विद्या, शरीराला मोकळे ठेवून रुबाब देणे ही दुसरी. दोन्ही शिकाव्यात, पण दुसरी आपली आहे आणि ती जगाला ठाऊक नाही.

काही अभ्यासू मंडळी म्हणतात, असले मिश्रण म्हणजे इतिहासाची भेसळ. पगडीवर पितळी भिंग लावणे हा पगडीचा अपमान. मला हे पटत नाही. नऊवारीवर फुग्यांच्या बाह्यांचे पोलके घालणाऱ्या आपल्या पणज्यांनी इंग्रजी काप आपल्या अंगाला असा काही वळवून घेतला की तो परका वाटेनासा झाला. मिश्रणाची भीती त्यांना नव्हती. मात्र कल्पना कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो, हे करणाऱ्याला स्पष्ट हवे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही कथा घ्या. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही. 'हवाईजादा' या २०१५ च्या चित्रपटाने तिचा खेळ मांडला, तो खेळ म्हणून रास्त. पण हीच कथा व्यासपीठावरून इतिहास म्हणून सांगणाऱ्यांशी माझे भांडण आहे आणि राहील. 'असे झाले असते तर' हे चार शब्द या छंदाचा कणा आहेत. ते गाळले की उरते ती थाप.

दुसरे भांडण आहे चाके चिकटवणाऱ्यांशी. चालू स्थितीतली जुनी घड्याळे फोडून त्यांची दातेरी चाके टोपीवर चिकटवायची, याला मी कारागिरी म्हणत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात मोडकी, दुरुस्तीपलीकडची घड्याळे हवी तेवढी मिळतात, ती घ्यावीत. चालणारे यंत्र बंद पाडून यंत्रयुगाचा गौरव होत नाही.

अलीकडे मात्र चित्र बदलले आहे. लेझरने कापलेली चाके पाकिटात येतात, पूर्ण वेश घरपोच येतो, घातला जातो, फोटो काढला जातो आणि पुढच्या वर्षी दुसरा मागवला जातो. आपल्याकडेही तेच. डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेने १९९९ पासून केवढा उत्साह दिला! गिरगावात नऊवारी, नथ, फेटा आणि डोळ्यांवर गॉगल लावून बुलेट चालवणाऱ्या मुली पाहिल्या की मला वाटते, लिंकनवाल्यांनी इथे येऊन शिकावे. यंत्र, वेश आणि मिजास यांचा असा सहज मेळ तिथेही दिसत नाही. पण त्यांतल्या कितीतरी जणींची नऊवारी शिवलेली असते. इलॅस्टिक ओढले की काष्टा तयार, निऱ्या टाचलेल्या. फेटाही टोपीसारखा घालायचा. नऊ वार कापड स्वतःच्या अंगावर घोळवून, निऱ्या धरून, ओचा खोचून घेण्यात जे हात शिकतात, ते या शिवणीत हरवते. नाटकाच्या कपडेपटांचेही तसेच झाले. पूर्वी जुना शालू टाकला जात नसे. काठ एका अंगरख्याला, पदर एका शेल्याला, उरलेली जर टोपाला. आता ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने चकचकीत नायलॉन येते आणि दिव्याखाली ते काचेसारखे दिसते. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर मिळाले. पडद्यावरची खादी किती धुतलेली, किती वापरलेली दिसावी याची जाण असलेल्या त्या बाईंच्या मुलखात ही अवस्था यावी, याचे मला दुःख आहे.

पण नुसते दुःख करून भागणार नाही. गो. स. घुर्ये यांचा 'इंडियन कॉस्च्युम' हा ग्रंथ १९५१ चा. त्याने वेशांचा इतिहास सांगितला. बाराबंदी, अंगरखा, चोळी, पोलके यांचे मापासकट बेत देणारे, जॅनेट अर्नोल्डच्या तोडीचे काम मराठीत व्हायला हवे. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वस्त्रे आहेत, घराघरांतल्या ट्रंकांत आहेत. ती उलटून पाहावीत, चौबगला कुठे बसला, कळी किती रुंद, टाका कोणता, हे कागदावर उतरवावे. २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने पगडी बांधता येत नाही. ती बांधणाऱ्याच्या शेजारी बसून शिकावी लागते. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांनी एक वर्ष तरी वेश भाड्याने आणू नयेत, मुलांकडून शिवून घ्यावेत. एखादा काष्टा सुटेल, एखादी पगडी कलेल, तरी चालेल. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने जुना काप उभा केला, तो त्या काळाविषयी बाजारू थापांना बळी पडत नाही आणि आपल्या काळातल्या यंत्रांसमोरही मान खाली घालत नाही. एवढ्यासाठी मी या छंदाची बाजू घेत आले आणि घेत राहीन.