पंखा निघेना!

दिवाळीच्या आधीचा आठवडा. ठाकुर्लीहून रिक्षाने डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावर पोहोचलो, तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि मित्राची सहलीची छोटी बोट चिखलात कलंडून पडली होती. पावसाळ्याचे चार महिने ती जागची हलली नव्हती. आता शाफ्टचं सील बदलायचं होतं. त्यासाठी शाफ्ट काढायचा, आणि शाफ्ट काढायचा तर आधी प्रोपेलर. अर्थात खाडीवर त्याला प्रोपेलर कुणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात. पिन निघाली, नट सुटला, पंखा मात्र ढिम्म. मित्राने घण उचलला. मिस्त्री म्हणाला, "शेठ, तो बाजूला ठेवा. त्याने पंखा नाही निघणार, गिअरबॉक्सचं काम मात्र निघेल."

पंखा का अडकतो? अर्धं उत्तर असं, की तो अडकावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. शाफ्टचं टोक सरळ नसतं, गाजरासारखं निमुळतं असतं. या बोटीत हा उतार एकास बारा होता, म्हणजे बारा मिलिमीटर पुढे गेलं की व्यास एक मिलिमीटरने कमी. पंख्याच्या मधलं भोकही त्याच उताराचं. नट आवळला की पंखा शाफ्टवर पाचरीसारखा चढतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर आपोआप निघत नाही, तसंच इथे. उतार इतका कमी असतो की घर्षण त्याच्यावर सहज मात करतं.

थोडा हिशोब करू. घर्षणांक ०.१ धरला तर नट जेवढ्या जोराने पंखा पुढे रेटतो, त्याच्या सुमारे सातपट दाब भोकाच्या भिंतीवर येतो. काढताना मात्र उतार आपल्या बाजूने असतो, त्यामुळे चढवण्याच्या जोराच्या निम्म्याहूनही कमी ओढ पुरायला हवी. हे झालं स्वच्छ, तेल लावलेल्या शाफ्टचं. खाऱ्या पाण्यात वर्षं काढलेल्या जोडात घर्षणांक ०.३ झाला, तर तीच ओढ चढवण्याच्या जोराच्या पावणेदोन पटींच्या पुढे जाते. नट मुळात पाइप लावून आवळलेला असेल तर विचारायलाच नको.

उरलेलं अर्धं उत्तर खाऱ्या पाण्यात आहे. शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, पंखा ब्राँझचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती मीठपाणी, म्हणजे बॅटरीच झाली. त्यातला एक धातू हळूहळू झिजतो. झिजून जे तयार होतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतं. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत सळी गंजून फुगते आणि स्लॅबचं प्लास्टर खाली येतं, तोच हा प्रकार. फरक एवढाच की स्लॅबला फुटायला वाव असतो. इथे फुगणारा थर दोन धातूंच्या मध्ये कोंडला जातो आणि पकड वाढतच जाते.

ही पकड वाईटच, असं मात्र नाही. ठाकुर्ली स्टेशनातून दिवसभर धडधडत जाणाऱ्या लोकलची चाकं आसावर अशाच पकडीने बसलेली असतात. चाकाचं भोक आसापेक्षा किंचित लहान ठेवतात आणि मोठ्या प्रेसखाली चाक आसावर दाबून बसवतात. आपण रोज त्या पकडीच्या भरवशावर ऑफिसला जातो.

मिस्त्रीने मग पुलर लावला. एक जाड पट्टी पंख्याच्या मागे, एक पुढे, दोन्हींना जोडणारे लांब बोल्ट, आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवलेला. घणाचा घाव क्षणाचा असतो आणि तो शाफ्टमधून थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पुलरमध्ये शाफ्टला जेवढं दाबलं जातं तेवढाच पंखा ओढला जातो, त्यामुळे आतल्या यंत्राला काही कळतही नाही. स्क्रू आवळण्याआधी त्याने एक गोष्ट केली, जी माझा मित्र नक्की विसरला असता. काढलेला नट पुन्हा दोन आटे चढवून ठेवला. निमुळता जोड हळूहळू सुटत नाही, सुटतो तो एकदम. नट नसेल तर तो जड पंखा पुलरसकट समोरच्याच्या पायावर येतो.

स्क्रू करकरला, पंखा हलला नाही. मग गॅसची बत्ती आली. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पंखा तापून फुगला तर भोक लहान नाही का होणार? नाही. तापल्यावर सगळीच मापं वाढतात, भोकाचंही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार तेच करायचा. लोखंडी धाव आगीत लाल करायची, ती लाकडी चाकावर सैल बसायची, मग वरून पाणी ओतायचं. धाव आवळली की चाक जन्माचं बांधलं गेलं. आम्हाला फक्त उलटं जायचं होतं. चाळीस मिलिमीटरच्या भोकाचं ब्राँझ शाफ्टपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापलं, तर भोक सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठं होतं. ही जाडी माणसाच्या केसाची. पण उतार एकास बारा असल्यामुळे पंख्याला पुन्हा पकड घ्यायची तर जवळपास एक मिलिमीटर पुढे सरकावं लागेल. एवढी मोकळीक पुष्कळ झाली.

अट एकच, पंखा तापावा आणि शाफ्ट थंड राहावा. म्हणून मिस्त्रीने शाफ्टवर ओलं बारदान गुंडाळलं आणि ज्योत एका जागी न धरता पंख्याच्या मधल्या गोळ्याभोवती फिरवत ठेवली. आउटबोर्ड इंजिनाच्या मालकांनी हा प्रयोग करू नये. त्या पंख्याच्या पोटात बहुधा रबराची बुश असते, ती वितळून नवीन खर्च उभा राहतो.

स्क्रूवर ताण, पंखा गरम. त्याने एका बाजूला जड हातोडा टेकवला आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने गोळ्यावर एकच नेमका ठोका दिला, पात्याला हात न लावता. ठोक्याने भोक क्षणभर लंबगोल होतं आणि मधला थर तडकतो. तरीही काही नाही. "चहा घेऊ," तो म्हणाला. ताण तसाच ठेवून आम्ही टपरीकडे वळलो. अर्धा कप झाला असेल, मागून बंदुकीसारखा आवाज आला. पंखा नटाला टेकून लोंबत होता.

मित्राला आनंद झाला, मिस्त्रीला नाही. भोकाच्या कडेचा धातू पिवळा नव्हता, गुलाबी होता. पंख्यांसाठी वापरतात ते मँगनीज ब्राँझ नावाचंच ब्राँझ. त्यात सुमारे चाळीस टक्के जस्त असतं, म्हणजे खरं तर ते पितळच. खारं पाणी त्यातलं जस्त आधी काढून घेतं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. मिस्त्रीने पात्यावर पान्याने टिचकी मारली. चांगला पंखा घंटेसारखा वाजतो. हा मडक्यासारखा वाजला.

हे होऊ नये म्हणून शाफ्टवर जस्ताचं एक कडं बसवतात, त्याला सगळे झिंक म्हणतात. जस्त सगळ्यांत आधी झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी हीच युक्ती सुचवली होती. तांबं वाचलं, पण झिजणाऱ्या तांब्याचं विष पाण्यात उतरेना, म्हणून जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले भरभरून चिकटले आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला. ब्राँझच्या पंख्यासाठी मात्र तो आजही उत्तम आहे.

मित्राच्या बोटीवरही झिंक होतं, आणि इतक्या वर्षांत ते जराही झिजलेलं नव्हतं. सुरुवातीलाच तळ रंगवताना कुणीतरी हौसेने त्यालाही लाल रंगाचे दोन हात दिले होते. रंगाखालचं जस्त पाण्याला लागतच नाही, त्यामुळे त्याचं काम पंख्याने केलं. तो पंखा भंगारात गेला. तुमची बोट असेल तर एवढं करा: झिंक निम्मं झिजलं की बदला, आणि त्याला रंग लावू नका.