गोंगाट की गदारोळ?

वृत्तपत्राच्या भाषांतराच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली. संसदेचं अधिवेशन सुरू झालं की दिल्लीहून येणाऱ्या इंग्रजी बातमीत एक शब्द हमखास असायचा : डिन. अमुक विधेयक ‘डिन’मध्ये मंजूर. आम्ही सगळे सवयीने ‘गदारोळात’ लिहायचो. मला ते कधीच पुरतं पटलं नाही. गदारोळामागे भांडण असतं, आरोप असतात. डिनला भांडण लागत नाही.

डिन म्हणजे काय ते मी शब्दकोशाआधी ऐकलं होतं. आमचं इचलकरंजीतलं घर मागांच्या शेडला लागून. रात्रंदिवस खडखड चाललेली. आई शेजारी उभी राहून बोलली तरी तिच्या ओठांकडे बघावं लागे. वीज गेली, माग थांबले की त्या शांततेनंच आम्हाला जाग यायची. असा एकसारखा, संपता न संपणारा, बाकी सगळं बुडवून टाकणारा आवाज म्हणजे डिन. फटाक्याच्या एका बाराला कोणी डिन म्हणणार नाही. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘गोंगाट’. मागांसाठी मात्र ‘खडखडाट’च हवा.

याचं क्रियापदही आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून कुणाच्या डोक्यात ठसवणं, तेही डिन. त्यासाठी ‘कानीकपाळी ओरडणं’ हा आपला वाक्प्रचार मला सुचला, तो दिवस अजून लक्षात आहे. भाषाशास्त्रज्ञ तर या शब्दाचं नातं संस्कृत ‘धुनि’शी लावतात. धुनि म्हणजे गर्जणारा. ऋग्वेदात मरुतांना आणि नद्यांना हे विशेषण येतं. तेव्हा डिन हा आपला दूरचा भाऊबंदच.

एकदा भाचा म्हणाला, “आत्या, तुझ्या गाडीत सिंगल डिन आहे, डबल डिन बसवून देतो.” तो गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवतो. मला वाटलं, हा मोठ्या आवाजाबद्दल बोलतोय. पण हा डिन वेगळाच निघाला. ती जर्मनीत मानकं ठरवणाऱ्या संस्थेची आद्याक्षरं. संस्थेची सुरुवात १९१७ची, बर्लिनमधली. डॅशबोर्डातली स्टिरिओची खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच असली की सिंगल, उंची १०० झाली की डबल. माप ठरलेलं, म्हणून एका कंपनीचा स्टिरिओ दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसतो. आपण रोज वापरतो तो २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-फोर कागदही याच संस्थेच्या १९२२ सालच्या मानकातून आला. जुन्या फोटो फिल्मच्या खोक्यावर १०० च्या शेजारी २१ छापलेलं असे, तो आकडाही डिनचाच; तो तीनने वाढला की फिल्मची संवेदनशीलता दुप्पट. आपल्याकडे कंपनीच्या संचालकाला सरकार जो ओळख क्रमांक देतं, त्याचंही इंग्रजी लघुरूप डिन. अर्थविषयक पानावर तो आला की मी आधी संदर्भ वाचायचे.

या बाकीच्या डिनांमुळे बातमीत फारसं बिघडत नाही. सभागृहातल्या डिनमुळे बिघडतं. बाकं वाजवणं, घोषणा आणि कामकाज एकाच वेळी चालू होतं, की सदस्य एकमेकांवर धावून गेले होते? वाचकाला हा फरक कळायला हवा. भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे : आधी बातमीदाराला फोन करा, तिथे नेमकं काय झालं ते विचारा, आणि मगच गोंगाट लिहायचं की गदारोळ ते ठरवा.