जानेवारीतली मोजणी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात बोअरचं पाणी मोजतात ते भर थंडीत, जानेवारीत. उन्हाळ्यात मक्याला पाणी चालू असताना प्रत्येक बोअरभोवतीची पातळी खचलेली असते. पंप बंद होऊन दोन-तीन महिने उलटले की पाणी सावरतं. जमिनीत खरोखर किती उरलं, ते तेव्हाच कळतं.

मोजायची रीत जुनीच आहे. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला निळा खडू फासायचा, टेप बोअरमध्ये सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते पाहायचं. सोडलेल्या लांबीतून भिजलेली लांबी वजा केली की पाण्याची खोली मिळते, फुटाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक. दरवर्षी सुमारे १,४०० विहिरी अशा मोजल्या जातात. काही राज्याच्या कृषी विभागाचं जलसंपदा खातं मोजतं, बाकीच्या कॅन्सस विद्यापीठातली भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था. बहुतेक विहिरी शेतकऱ्यांच्या स्वतःच्या. त्यांनी दार उघडलं तरच हे काम होतं.

ही सर्वेक्षण संस्था १८८९ची. आपल्याकडे भूजलाच्या नोंदी ठेवते ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्य सरकारची. कॅन्ससची संस्था मात्र विद्यापीठाचा भाग आहे, आणि तिला नियम लादण्याचा काडीचाही अधिकार नाही. परवाना देणं, उपसा रोखणं ही कामं दुसऱ्यांची. मला यातच तिचं खरं बळ दिसतं. टेप घेऊन आलेला संस्थेचा माणूस उद्या पंपाला कुलूप लावणार नाही, याची शेतकऱ्याला खात्री असते.

पाण्याच्या प्रतीचं कामही असंच पायाभूत. बर्टन गावाजवळच्या तेलक्षेत्रातून १९३०च्या दशकात वर आलेलं खारं पाणी खड्ड्यांत सोडलं जाई. ते झिरपून गोड्या पाण्यात मिसळलं. पण या भागात जमिनीखाली नैसर्गिक मीठही आहे. मग खारेपणाचा दोष कुणाचा? संस्थेच्या रसायनतज्ज्ञांनी क्लोराइड आणि ब्रोमाइडच्या प्रमाणावरून हे दोन खारेपण वेगळे ओळखण्याची पद्धत बसवली. विरघळलेल्या खनिज मिठात ब्रोमाइड फारच कमी, तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यात त्यामानाने जास्त.

पैशाची बाजू मात्र डळमळती राहिली. १९८९च्या कायद्याने राज्यात पाण्याच्या कामांसाठी जलनिधी उभा राहिला. त्यात नगरांच्या आणि उद्योगांच्या पाण्यावरचं शुल्क येतं, खतं-कीटकनाशकांवरचं शुल्क येतं. सिंचनाच्या पाण्यावर थेट शुल्क नाही, आणि सगळ्यात मोठा उपसा तर सिंचनाचाच! राज्याच्या सर्वसाधारण निधीतून दरवर्षी ६० लाख डॉलर द्यायचं कायद्यात लिहिलेलं असूनही कित्येक वर्षं ते पुरते दिले गेले नाहीत. भूजल काही भागांत वर्षाला फूट-दोन फूट खाली जात असताना असा हात आखडता घेणं मला अक्षम्य वाटतं. मोजणीत एका वर्षाचा खंड पडला, तर ते वर्ष नंतर कितीही पैसा ओतून परत मोजता येत नाही.

सलग नोंदींचं मोल शेरिडन परगण्यात दिसलं. तिथल्या ९९ चौरस मैलांच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी २०१२च्या कायद्याचा आधार घेऊन स्वतःच ठरवलं की उपसा २० टक्क्यांनी कमी करायचा. पाच वर्षांत एकरी ५५ इंच पाणी, ते कुठल्या वर्षी किती वापरायचं हे ज्याचं त्याने पाहावं. २०१३ पासून अंमल सुरू झाला. मका घटला, ज्वारी वाढली, जमिनीतली ओल मोजून पाणी देणं रुळलं. उपसा ठरवल्याहूनही अधिक उतरला आणि पातळीच्या घसरणीचा वेग निम्म्याहून कमी झाला, हे जानेवारीच्या मोजण्यांतून दिसलं. उत्पादन थोडं कमी आलं, पण खर्चही घटल्यामुळे नफ्यात हे शेतकरी शेजाऱ्यांच्या मागे पडले नाहीत.

२०१७ अखेर मुदत संपली. तेव्हा त्यांनी तीच मर्यादा पुढच्या पाच वर्षांसाठी मागून घेतली.