ट्रॉली जोडण्याआधी

गणपतीच्या आधी पेणहून रोह्याला मूर्ती आणायच्या, म्हणजे आमच्या बचत गटाची कोण धांदल! एका वर्षी टेम्पो मिळेना, म्हणून शेजारच्या भाऊंचा ट्रॅक्टर नि ट्रॉली घेतली. आम्ही चौघी मूर्ती धरून ट्रॉलीतच. नागोठण्यापर्यंत सगळं ठीक. पुढे भिसे खिंडीच्या उतारावर ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलायला लागली. भाऊंनी ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर एका अंगाला खेचला गेला. पोटात गोळाच आला! कसेबसे थांबलो.

कारण साधंच होतं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन वेगळी पेडलं असतात. शेतात वळायला ती सुटी लागतात, रस्त्यावर मात्र कडीने जोडायची. चिखलणीनंतर ती जोडायची राहूनच गेली होती. त्यात बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरनेच आवरायचा. लहान ट्रॅक्टरमागे मोठी ट्रॉली म्हणूनच नको. उतार लागण्याआधी खालचा गियर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल तर मुळीच नाही. दोन चाकी ट्रॉलीत जड माल अगदी मागे लादला, तर पुढचा हूक वर उचलला जातो नि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. हूकच्या पिनेला क्लिप आहे ना, मागे लाल रिफ्लेक्टर आहेत ना, हे निघताना आपणही बघावं. बायकांना काय कळतंय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे!

ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, हे पुढच्या वर्षी मीच सांगितलं. "वहिनी, मग मूर्ती कोण धरणार?" भाऊंनी विचारलं. मूर्तींभोवती भाताचा पेंढा गच्च भरला. आम्ही चौघी एसटीने आलो.