ताबा, भोगवटा आणि परीक्षण

नवे घर विकत घेणाऱ्याच्या हाती जी कागदपत्रे पडतात, त्यांतील ‘भोगवटा’ व ‘ताबा’ हे दोन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात. हे शैथिल्य केवळ भाषिक असते, तर त्याची चिंता कोशकारांनी करावी एवढेच म्हणता आले असते. परंतु त्याची किंमत घर घेणाऱ्यास मोजावी लागते.

भोगवटा प्रमाणपत्र नियोजन प्राधिकरण देते. इमारत मंजूर नकाशाबरहुकूम असून राहण्यास योग्य आहे, इतकेच ते सांगते. गिलावा पोकळ आहे काय, न्हाणीघराच्या फरशीचा उतार मोरीकडे आहे काय, हे पाहणे त्याच्या कक्षेत येत नाही. ताबा हा विकणारा व घेणारा यांच्यातील व्यवहार होय. त्या वेळी पुढे केल्या जाणाऱ्या पत्रात ‘घर तपासून घेतले, तक्रार नाही’ असे वाक्य पुष्कळदा आधीच छापलेले असते. ते खरे ठरावे असे काही घडलेले असतेच असे नाही.

2016 च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये भोगवटा प्रमाणपत्रानंतर 2 महिन्यांत ताबा घेणे खरेदीदाराचे कर्तव्य आहे. स्वतंत्र अभियंत्याकडून परीक्षण करून घेण्याचा काळ तो हाच. ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कळविलेला बांधकामाचा दोष प्रवर्तकाने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असेही हा अधिनियम सांगतो. मात्र दोष पहिल्या दिवसापासून होता की वापराने उद्भवला, या वादात परीक्षणाचा लेखच उपयोगी पडतो. शिवाय जेथे जमीन 500 चौरस मीटरांहून अधिक नाही किंवा सदनिका 8 हून अधिक नाहीत, अशा योजनांना नोंदणीची सक्ती नाही. लहान शहरांतील घरांबाबत ही सूट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला मातीचे अंग आहे. येथील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया या हालचालीच्या आवाक्यात राहिला, तर भिंती तडकतात. अशा मातीसाठी तळाशी फुगीर केलेल्या खुंटांचा पाया रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने प्रचारात आणला. गिलाव्यावरील केसाएवढ्या जाळीदार भेगा बहुधा सुकण्यामुळे पडतात; खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारा तिरपा तडा मात्र पाया हलल्याचा संशय उत्पन्न करतो. एकही पावसाळा न पाहिलेल्या घरात हा तडा दिसणार नाही. तेथे ओळंबा, गुण्या व पाणसळ एवढ्यावर न थांबता पायाचा आराखडा मागावा आणि छताचे व अंगणातील पाणी जोत्यापासून दूर जाते काय ते पाहावे.

लेखाची भाषाही काटेकोर हवी. ‘भिंत खराब आहे’ हा अभिप्राय झाला. ‘दक्षिणेच्या भिंतीत, खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून 40 सें.मी. लांबीचा तिरपा तडा’ ही नोंद झाली. असा लेख ताबापत्रास जोडून त्यावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. आणि अभियंत्यास घरात आणण्याची मुभा, ऐनवेळी मागण्याऐवजी, विक्रीच्या करारनाम्यातच लिहून घ्यावी.