दहा दाण्यांचा खेळ

खेळ आणि अभ्यास यांचे वैर आमच्या पिढीच्या शिक्षकांना जणू वारसाहक्काने मिळालेले आहे. अध्यापक विद्यालयात असताना 'खेळातून शिक्षण' या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली, परीक्षेत त्याबद्दल चांगले गुणही मिळवले. पण प्रत्यक्षात एखादे मूल खेळात रमलेले दिसले की कपाळाला आठी पडल्याशिवाय राहत नसे. ही आठी एका सुक्कोथच्या सणात कशी उतरली, याची हकीकत आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावीशी वाटते.

साल २०२०. करोनाच्या साथीमुळे रोश हशानाच्या पूर्वसंध्येपासून इस्राएलमध्ये दुसऱ्यांदा टाळेबंदी लागू झाली होती. सिनेगॉगमध्ये जाणे नाही, पाहुणे नाहीत, पै-पाहुण्यांवाचून सुक्का ओकीबोकी. आम्ही घरात तीन पिढ्यांच्या तिघी: आमची वृद्ध आई, आम्ही आणि आमची बारा वर्षांची धाकटी मुलगी. दिवसभर तिचे डोळे संगणकाच्या पडद्यावर. एके दुपारी आमचा संयम सुटला आणि आम्ही तिला चांगलेच फैलावर घेतले. तिने मान वर न करताच उत्तर दिले, "इमा, मी खेळत नाहीये. मी तांदूळ गोळा करतेय."

खाटेवर बसलेल्या आमच्या आईने विचारले, "कुठं आहेत तांदूळ? दाखव बघू."

मुलीने पडदा आजीकडे वळवला. एक इंग्रजी शब्द आणि त्याच्याखाली चार अर्थ. त्यांतला बरोबर अर्थ निवडला की चित्रातल्या वाडग्यात तांदळाचे दहा दाणे पडत. उत्तरे बरोबर येत गेली की शब्द अवघड होत, चुकली की सोपे. शब्द नको असतील तर पाढे होते, देशांच्या राजधान्या होत्या. या खेळाचे नाव 'फ्रीराइस', म्हणजे फुकटचा तांदूळ. जगभरातील लाखो माणसांनी मिळवलेले दाणे एकाच राशीत जमा होतात आणि त्या हिशोबाने भुकेल्यांच्या अन्नासाठी पैसा दिला जातो, असे मुलीने सांगितले. इथे कोणी कोणाला हरवत नाही. सगळ्यांची बाजू एकच आणि प्रतिपक्षी एकच, तो म्हणजे भूक.

हे ऐकून आम्ही थोडे वरमलो आणि जात्याच शिक्षक असल्यामुळे या खेळाची माहिती मिळवू लागलो. जॉन ब्रीन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने ७ ऑक्टोबर २००७ रोजी हा खेळ सुरू केला. भुकेच्या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी त्याने १९९९ सालीही संगणकाच्या जाळ्यावर एक उपक्रम उभारला होता. पुढे त्याचा मुलगा महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करू लागला, तेव्हा त्याच्यासाठी बापाने शब्दांचा खेळ रचला. आणि मुलाचे पाठांतर व भुकेल्याचे पोट या दोन गोष्टी त्याने एकमेकींना बांधून टाकल्या. खेळाच्या पानावर जाहिराती दिसत आणि जाहिरातदारांकडून येणारा पैसा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे जाई. मार्च २००९ मध्ये ब्रीनने हा सगळा खेळच त्या संस्थेला देऊन टाकला.

पहिल्या दिवशी जगभरातून मिळून जमले अवघे ८३० दाणे. आमच्या आईच्या भाषेत सांगायचे तर एक पळीभरसुद्धा नाही! पण थोड्याच दिवसांत मोजणी कोटींत गेली आणि मग अब्जांत. आरंभीच्या दाण्यांतून बांगलादेशात आश्रयाला आलेल्या म्यानमारच्या २७,००० निर्वासितांना दोन आठवडे पुरेल इतका तांदूळ घेता आला.

हे सगळे आम्ही कौतुकाने घरात वाचून दाखवले. पण आईचे समाधान झाले नाही. "दहा दाणे म्हणजे किती गं? माझ्या हातात दे," म्हणाली. 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे अध्यापनाचे सूत्र आम्ही विद्यालयात घोकले. आमच्या आईला ते न घोकता येत होते.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आला, तांदळाचा डबा आला आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या घरात गणिताचा तास भरला. एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ लागतो आणि एका ग्रॅममध्ये सुमारे ४८ दाणे असतात, असा खेळ चालवणाऱ्यांचा हिशोब होता. आम्ही आमच्या डब्यातले एक ग्रॅम तांदूळ थाळीत पसरून मोजले, ते ५२ भरले. म्हणजे हिशोब फारसा खोटा नव्हता. चारशे गुणिले अठ्ठेचाळीस, १९,२०० दाणे. एका उत्तराला दहा दाणे, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या तांदळासाठी १,९२० बरोबर उत्तरे. एका उत्तराला दहा सेकंद धरली तर पाच तास वीस मिनिटे.

मुलीने आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. त्या दुपारी तिने तीनशे उत्तरे दिली होती. एका माणसाच्या एका जेवणाचीसुद्धा ती बेगमी नव्हती. शिवाय हिशोब तिने आमच्याही पुढे नेला. "इमा, चारशे ग्रॅम तांदूळ दुकानात चार शेकेलांच्या आत मिळतात. मी पाच तास बसायचं आणि चार शेकेल मिळवायचे? आणि ते पैसेसुद्धा जाहिरातवाल्यांचे. मग मी काय दिलं?" तिने संगणक मिटला.

प्रश्न बिनतोड होता. इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्ही हे शिकलो आहोत की, मुलाच्या खऱ्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये. आम्ही गप्प राहिलो.

बोलली ती आई. महाराष्ट्रात १९७२ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा परदेशातून मागवलेली तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानात मिळे. लोक तिला 'मिलो' म्हणत. "तिची भाकरी तव्यावर तुटायची. पोरं तोंड वाकडं करायची. पण पिशवीतून दाणे सांडले तर आम्ही बायका रस्त्यात बसून वेचून घ्यायचो," आई सांगू लागली. "कोणत्या मुलखात कोणी पेरलं, कोणी कापलं, देव जाणे. त्यावर आमचे दिवस निघाले. दाण्याला दुकानातला भाव लावायचा तो पोट भरलेल्या माणसानं. वेचणाऱ्याला तो भाव नसतो गं."

वेचणे! हा शब्द कानी पडताच आम्हांला शाबुओथची आठवण झाली. बेथलेहेमच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सांडलेली कणसे वेचीत जाणारी रूथ आपण दरवर्षी वाचतो. शेताचा कोपरा कापू नये, सांडलेले उचलू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी सोडावे, ही तोराची आज्ञा आहे. मिश्नाकारांनी तर त्याचा हिशोबच घालून दिला आहे: हातातून सांडलेली एक-दोन कणसे गरिबाची, तीन एकत्र पडली तर शेतमालकाची. इतक्या क्षुल्लक कणसांसाठी कायदा कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण रूथने दिवसभर वेचून संध्याकाळी झोडपले तेव्हा सुमारे एक एफा जव भरले, आणि सासू-सुनेची चूल पेटली. क्षुल्लक काय आहे, हे टाकणाऱ्याच्या बाजूने ठरत नाही.

जाहिरातदाराचा पैसा हा एका अर्थी शेताचा सोडलेला कोपराच आहे. तो आपला नव्हे. पण खेळाडूंनी वेचला नसता, तर तो भुकेल्याकडे गेला नसता. आमच्या मुलीने दान केले नाही हे खरे. तिने वेचले, आणि वेचलेले दुसऱ्याला दिले.

आणि एकटीचे तीन हजार दाणे थोडे, म्हणून रास थोडी होत नाही. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धरले, तर त्या २७,००० निर्वासितांच्या दोन आठवड्यांसाठी दहा दाण्यांच्या दराने सुमारे ७२ कोटी बरोबर उत्तरे लागतात. एखाद्या माणसाच्या कैक जन्मांत ती देऊन होणार नाहीत. ती दिली असंख्य हातांनी, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही आणि ज्यांचा तांदूळ शिजला त्यांनाही पाहिले नाही. रामबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही त्यांतली वरून दुसरी पायरी. सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजवंताला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन त्याच्या पायावर उभे करणे. तिथे हा खेळ पोहोचत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

त्याच रामबामने 'पिर्के आबोथ'वरील भाष्यात आणखी एक मार्मिक गोष्ट मांडली आहे. एका वेळी एकाच माणसाला हजार मोहरा देण्यापेक्षा हजार वेळा एकेक मोहर देणे श्रेयस्कर. कारण त्यामुळे देणाऱ्याच्या हाताला देण्याची सवय लागते. आम्हां शिक्षकांना हे पटायला वेळ लागू नये. पाढा एका दिवसात येत नाही, अक्षर एका दिवसात वळणदार होत नाही. मन तरी एका दिवसात उदार कसे होईल?

ज्या मातीतून आपण आलो, तिथेही हा विचार नवा नव्हता. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढावी आणि घरोघरच्या मुठींतून एखादे लोकोपयोगी काम उभे करावे, ही मुष्टिफंडाची रीत. गोव्यात पणजीला १९०८ साली स्थापन झालेली शिक्षणसंस्था आजही 'मुष्टिफंड' हेच नाव मिरवते. मुठीने शाळा उभी राहू शकते, तर दाण्याने ताट का भरू नये?

तथापि एक धोका आम्हांला स्पष्ट दिसतो. पडद्यावर बोट टेकवले, वाडग्यात दाणे पडले आणि आपले कर्तव्य संपले, असे मुलांना वाटता कामा नये. दूरच्या भुकेल्याची कणव येणे सोपे. तो आपल्या दाराशी येत नाही. आपल्या गावातील गरिबाचा हक्क आधी, असे आपले शास्त्र सांगते. मागच्याच गल्लीत पेन्शनीवर दिवस ढकलणारे एखादे वृद्ध जोडपे असते आणि टाळेबंदीत त्यांच्या दारावर कोणाची थाप पडत नाही. तो दाणा कोणत्याही खेळात मोजला जात नाही.

म्हणून आमच्या घरात आईने एक नियम घातला. मुलीने हवे तर रोज खेळावे. पण खेळून उठल्यावर आपल्या हाताने एक मूठ तांदूळ वेगळ्या स्टीलच्या डब्यात टाकावे. तिची मूठ काट्यावर ४२ ग्रॅम भरली, म्हणजे सुमारे दोन हजार दाणे, दोनशे उत्तरांच्या तोलाचे! मुलीला या हिशोबाची मोठी गंमत वाटली आणि मिटलेला संगणक पुन्हा उघडला. पेसाखच्या आधी गरजू कुटुंबांना धान्य पोचवण्याची रीत आहेच, आणि आपण बेने इस्राएल पेसाखात भात खाणारे लोक. पुढल्या वसंतात तो डबा भरून मागच्या गल्लीत गेला. मुलगी स्वतः घेऊन गेली आणि तासभर परत आली नाही. तिथल्या आजींनी तिला बसवून घेऊन अलिबागच्या गोष्टी सांगितल्या, त्याही मराठीत. तिला अर्ध्याच समजल्या. उरलेल्या अर्ध्यांसाठी ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

टाळेबंदीतल्या त्याच सुक्कोथमध्ये, ९ ऑक्टोबर २०२० रोजी, होशाना रब्बाच्या दिवशी बातमी आली की, जागतिक अन्न कार्यक्रमाला शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आहे. आदल्या वर्षी त्या संस्थेने ८८ देशांतील सुमारे दहा कोटी लोकांना साहाय्य केले होते. मुलीने आजीला ती बातमी सांगितली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "आजी, त्यात माझे तीन हजार दाणे आहेत." आईने तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरातील मुले पडद्यासमोर बसलेली दिसली, तर रागावण्यापूर्वी क्षणभर त्यांच्याजवळ बसून ती काय खेळतात ते पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. खेळ चांगला असेल तर त्यांच्याबरोबर खेळावे. आणि उठताना स्वयंपाकघरात जाऊन एक मूठ बाजूला काढायला त्यांना शिकवावे. परमेश्वर आपणां सर्वांच्या घरचे डबे भरलेले ठेवो आणि त्यांतून मूठ काढण्याची बुद्धीही देवो.